करंगळीचा कौल

भंडाऱ्यात वासुदेवराव लांजेवारांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटसमोरून जाताना आत मशीन चालू आहेत एवढे कोणालाही कळे. कोणत्या मशीनवर कोण बसले आहे, हे मात्र फक्त वासुदेवरावांना कळे. ते बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि तिथूनच आत आवाज देत, "शहापूरवाली, तुई करंगळी झोपली काय? जागव तिले." आतली मुलगी दचकून बोटांकडे पाहू लागली की लगेच दुसरा आवाज येई, "खाली नाही पाहाचं बाई. डोये कागदावर."

टायपिंगचे सगळे शास्त्र करंगळीत आहे, असे त्यांचे मत होते. बाकीची बोटे जन्मतःच शहाणी असतात, करंगळीला शिकवावे लागते. आणि ती शिकेल की बिघडेल हे मशीनवर अवलंबून असते. एकाहत्तर साली त्यांनी तहसीलमधली नोकरी सोडून इन्स्टिट्यूट काढली, तेव्हापासून प्रत्येक मशीन त्यांनी एकाच पद्धतीने घेतले. समोर बसायचे, डोळे मिटायचे, सगळी अक्षरे येतील अशी एक ओळ मारायची आणि मग कागद काढून करंगळीची अक्षरे बाकीच्यांइतकी काळी उठली की नाही ते पाहायचे. उठली तर मशीन चांगले. विकणारा काय सांगतो, रंग कसा आहे, कंपनी कोणती आहे, याकडे ते लक्ष देत नसत. या पद्धतीने ते एकदाही फसले नव्हते. जिल्ह्यातल्या निम्म्या कचेऱ्यांतले बाबू त्यांच्या हाताखालून गेले होते आणि जवाहरनगरची मुले संध्याकाळी सायकली दामटत त्यांच्याकडे येत.

त्यांना मूलबाळ नव्हते. बहिणीची मुलगी उषा लग्न होऊन तुमसरला गेली होती, ती दीड वर्षात परत आली. काय झाले हे तिने सांगितले नाही आणि या घरात तिला कोणी विचारलेही नाही. मामीने, म्हणजे सुलोचनाबाईंनी, तिची पेटी आतल्या खोलीत ठेवली. वासुदेवरावांनी दुसऱ्या दिवशी तिला एका मशीनसमोर बसवले. दोन वर्षांत ती स्वतः शिकवू लागली. तिच्याहून वयाने मोठे विद्यार्थीसुद्धा तिला उषाबाई म्हणत. ती ओरडत नसे. चुकणाऱ्याच्या मागे जाऊन नुसती उभी राहत असे, आणि तेवढे पुरत असे.

ऐंशीचे दशक अर्धे सरले तसे लोक कॉम्प्युटरबद्दल बोलू लागले. पुढे टायपिंगला कोणी विचारणार नाही, हे वासुदेवरावांना मनातून पटले होते. उषाच्या हाती भंडाऱ्यातला पहिला कॉम्प्युटर क्लास द्यायचा, म्हणजे आपल्यामागे तिला ना सासरी ना माहेरी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागेल, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता. त्यासाठी त्यांनी शहापूरच्या शेतातला आपला वाटा धाकट्या भावाला विकून टाकला.

सुलोचनाबाई अडवणाऱ्यांतल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, "जमीन एकदाच इकता येते. तवा जे घ्याचं ते पाहून घेजा."

"पाहूनच घेतो ना मी," वासुदेवराव म्हणाले.

"तुमी कुठी पाहता? तुमी तं डोये मिटता."

यावर उषासकट तिघेही हसले.

शहाऐंशीच्या थंडीत मामा-भाची नागपूरला सीताबर्डीवरच्या एका दुकानात गेली. दुकानदार तरुण होता, पण सरळ होता. त्याने दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी लावून दाखवले. पहिला भक्कम होता. त्याचा कीबोर्ड लोखंडी पेटीसारखा, जड, बोट टाकले की खोल जाऊन वर येणारा. दुसरा नव्या तऱ्हेचा. त्याच्या कीबोर्डची पट्टी हलकी, तिच्यावर बोटे चालवली की मुरमुरे चावल्यासारखा आवाज येई.

"काका, मी खोटं नाही सांगत," दुकानदार म्हणाला. "हा पहिला मजबूत आहे, पण ही जात आता बंद होऊन राहिली. इथून पुढे सगळं या दुसऱ्यासारखंच येईल. याची फ्लॉपी त्याच्यात चालत नाही, त्याचे प्रोग्राम याच्यात चालत नाहीत. पहिला थोडा स्वस्तात देतो, कारण मलाही तो काढायचाच आहे. पण घ्यायचा असेल तर समजून घ्या."

वासुदेवरावांनी उषाकडे वळून विचारले, "तुले काय वाटते?"

उषा दुकानात आल्यापासून खुर्चीवर बसली नव्हती. ती काउंटरच्या कडेला उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत होती. ती म्हणाली, "मामाजी, तास झाला आपल्याले येऊन. जो येते तो या दुसऱ्याचंच विचारून राहिला. पहिल्याले कोणी हातही नाही लावला. अन् त्या फळीवर पाहा, पुस्तकं बी सगळी दुसऱ्याचीच हाय. आपण पहिला घेतला तं पुढे विचाराचं कोणाले?"

तिचे बोलणे संपले की नाही याकडे वासुदेवरावांचे लक्ष नव्हते. ते पहिल्या मशीनसमोर बसले होते. डोळे मिटून त्यांनी ती ओळ मारली. मग उठून दुसऱ्यावर बसले, पुन्हा डोळे मिटले, तीच ओळ. उघडून पाहिले तर दुसऱ्यावर करंगळीचे एक अक्षर दोनदा उमटले होते.

"हे पाह्य," ते म्हणाले. "यावर पोराइचे हात बिघडतीन."

"काका, बोटाचा प्रश्नच नाही," दुकानदार काकुळतीला आला. "आतलं बदलून राहिलं."

"एकाहत्तरपासून मी आतलं बदलतानाच पाहून राहिलो बावा. अक्षराची जागा कोणी बदलली काय? तुह्या या नव्यातही ए हे अक्षर करंगळीखालीच हाय ना?"

"आहे."

"मंग झालं तं."

दुकानदाराने उषाकडे पाहिले. वासुदेवराव पहिल्या मशीनचे पैसे मोजू लागले होते. परतीच्या एसटीत ती फ्लॉपीचा डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. वासुदेवराव भंडारा येईपर्यंत क्लासची वेळ, फी, पाटीवर काय लिहायचे हे बोलत होते, आणि ती हो जी, हो जी म्हणत होती.

कॉम्प्युटर आला. सुलोचनाबाईंनी त्याला हळद-कुंकू लावले. खोलीबाहेर चपला काढायचा नियम झाला. पाटीवर उषाबाईंचे नाव आधी आणि वासुदेवरावांचे नंतर लिहिले होते. पहिली बॅच भरली, दुसरीही भरली. उषाने मशीनबरोबर आलेले जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढले. एखाद्या विद्यार्थ्याला अडले की ती पुस्तक न उघडता पान सांगे. त्या वर्षी घरात इतके हसणे-बोलणे होते की सुलोचनाबाई म्हणत, "नजर लागन बाप्पा."

मग एके दिवशी जवाहरनगरचे परसराम हटवार आपल्या मुलीचे नाव घालायला आले. वासुदेवरावांचे ते जुने विद्यार्थी. त्यांच्या ऑफिसात नुकतेच कॉम्प्युटर आले होते. मुलीला काय शिकायचे आहे ते दाखवावे म्हणून त्यांनी कोणाकडून तरी मागून एक फ्लॉपी खिशात आणली होती. उषाने ती घातली. मशीन घरघरले आणि गप्प झाले. तिने काढून पुसली, पुन्हा घातली.

"राहू द्या उषाबाई," परसराम म्हणाले. "तुमचं हे दुसऱ्याच जातीचं दिसते."

ते चांगले गृहस्थ होते. चहा घेतला, सरांच्या पाया पडले, मुलीला टायपिंगच्या बॅचमध्ये घातले. पण कॉम्प्युटर शिकायला तिला त्यांनी एसटी स्टँडजवळ नव्याने निघालेल्या क्लासला पाठवले. तिथे नव्या तऱ्हेची मशीन होती. हळूहळू बाकीचेही तिकडे गेले. काही दिवसांनी मशीनचा एक भाग बिघडला, तेव्हा वासुदेवराव नागपूरला गेले. दुकानदाराने त्यांना बसवले, पाणी दिले आणि तो भाग आता मिळत नाही असे सांगितले. 'मी म्हटलं होतं' असे तो म्हणाला नाही. तो म्हणाला असता तर बरे झाले असते, असे वासुदेवरावांना परतताना वाटत राहिले.

तरीही त्यांनी आशा सोडली नव्हती. मशीन गेले तर गेले, विद्या तर उषाजवळ आहे, असे ते म्हणत. भंडाऱ्यातल्याच एका सहकारी संस्थेत कॉम्प्युटर चालवणाऱ्या माणसाची जागा निघाली, तेव्हा त्यांनीच तिला अर्ज करायला लावले.

उषा दुपारी परत आली. वासुदेवराव ओट्यावरच होते. ती पायरीवर बसली आणि हसत हसत सांगू लागली, "नव्या मशीनवर बसवलं मले. पहिले एक पत्र मारायले देल्लं. मी मारलं तं सगळे काम सोडून पाहाले आले. एक जण म्हणे, बाईचे हात हाय का मशीन हाय."

"मंग?"

"मंग म्हणे, आता यावर हिशोबाचा तक्ता बनवून दाखवा. आपल्या मशीनवर जसा बनवते तसा बनवाले गेली, तं काहीच होये ना. कोणतं बटन, कोणता हुकूम, सगळंच वेगळं. शेवटी साहेब उठले. चांगले होते बिचारे. म्हणाले, बाई, टायपिस्टची जागा असती तं तुमालेच घेतलं असतं."

दारात उभ्या असलेल्या सुलोचनाबाई आत निघून गेल्या. वासुदेवरावांनी आत आवाज दिला, "कोण हाय तो? एक ओळ सोडली." आत त्या वेळी कोणीच टाइप करत नव्हते.

महिन्याभराने उषाने आपले ठरवून टाकले. नागपूरच्या त्याच दुकानदाराने क्लास काढला होता. सकाळी दुकानात काम करायचे आणि दुपारी पहिल्या इयत्तेपासून सगळे शिकायचे. राहण्याची सोय बायकांच्या वसतिगृहात. वासुदेवरावांनी ऐकले आणि रात्रभर तळमळून सकाळी तिला म्हणाले, "मी दुसरं मशीन आणतो. नव्या जातीचं. घर गहाण ठेवतो. तुयाच क्लास राहीन."

"नोका आणू मामाजी," उषा म्हणाली. "तेही बदलन. दर वेळी तुमी कोठवर आणसान? आता मायं मीच पाहून घेतो."

स्टँडवर तिची पेटी त्यांनीच उचलून नेली. तिला उचलू दिली नाही. नागपूरची गाडी लागायला वेळ होता. शेवटी, जे बोलायला ते इतके दिवस ओट्यावरून उठून आत जात आणि न बोलताच परत येत, ते त्यांनी बोलून टाकले, "तू सांगत होतीस बाई. दुकानातच सांगत होतीस. मायं चुकलं."

उषाने पदर सारखा केला. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "चुकलं त्याचं काही नाही मामाजी. ते कोणाचंही चुकते. तुमी मले दुकानात नेलं, चार लोकाइत विचारलं, तुले काय वाटते म्हणून. मले आतापर्यंत कोणी विचारलं नव्हतं, बापानं बी नाही, सासरी बी नाही. मी सांगून राहिली होती अन् तुमी डोये मिटले. तेवढंच लागलं."

दुकानात ती कोणत्या बाजूला उभी होती, तिने फळीकडे बोट कसे दाखवले होते, हे आठवायचा वासुदेवरावांनी प्रयत्न केला. मशीन दोन्ही लख्ख आठवत होती. उषा आठवत नव्हती.

गाडी लागली. ती खिडकीशी बसली आणि म्हणाली, "मामीले सांगजा, पोचली की परसरामभाऊच्या हाफिसात फोन करतो."

"सांगतो," ते म्हणाले. मग खिडकीच्या गजाला धरून त्यांनी विचारले, "तिथं गेल्यावर आधी काय शिकणार हायेस?"

तिने सांगायला सुरुवात केली. कंडक्टरने घंटी दिली, गाडी हलली, तरी ती सांगतच होती आणि वासुदेवराव खिडकीबरोबर चालत ऐकत होते. गाडी फाटकाबाहेर वळली तेव्हा तिचे सांगणे अर्धेच झाले होते.