हो म्हणायची घाई नाही

लॉयड हाकालाने आयुष्यात कशालाच पटकन हो म्हटलेलं नाही. "लग्नात पाद्रीने विचारलं तेव्हासुद्धा हा दहा सेकंद गप्प उभा होता," त्याची बायको डोरीन सांगते. "मला वाटलं, आता वर आणखी काहीतरी मागतोय." वडील गेले तेव्हा शवपेटीचा भाव तो दोन दिवस पाडत होता आणि वडील तोवर शवागाराच्या थंडीत वाट बघत होते. शंभर डॉलर वाचले. वडील असते तर त्यांना अभिमानच वाटला असता, असं लॉयड म्हणतो. वडिलांना ओळखणारे सगळे याला दुजोरा देतात.

आमच्या अ‍ॅशटाब्युला गावात हमरस्त्यालगत त्याचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. दारावर पाटी आहे : 'हा भाव फक्त शनिवारपर्यंत.' पाटीला अकरा वर्षं झाली, मध्ये दोनदा रंग दिला. तेव्हा जगातली कुठलीही शेवटची तारीख खरी असते, यावर त्याचा विश्वास बसणार कसा?

मार्चमध्ये गावाशेजारच्या सरोवरावरचा बर्फ तडकू लागला, त्याच आठवड्यात केंड्राला सेंट ब्रेंडन कॉलेजचं पत्र आलं. केंड्रा त्याची एकुलती एक मुलगी. तिला नर्स व्हायचं होतं, आजीच्या आजारपणापासून तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. नर्सिंगच्या जागा चाळीस. पत्रात फीसाठीच्या मदतीचा, त्यांच्या भाषेत बक्षिसाचा, आकडा होता आणि खाली, पंधरा एप्रिलपर्यंत कळवावे, नाहीतर जागा आणि मदत दुसऱ्याला जाईल.

लॉयडने चष्मा लावून पत्र वाचलं. "अभिनंदन, तुम्हाला एवढं बक्षीस! आणि बक्षिसात हे काय? साडेपाच हजारांचं कर्ज! मी दुकानात कर्जाला बक्षीस म्हटलं असतं तर मला आत टाकलं असतं."

"पण बाकीचं कर्ज नाही ना, डॅड," केंड्रा म्हणाली. "बाकीचं ते देतायत."

"पहिला आकडा कधी खरा नसतो, पोरी. आपण गप्प बसायचं. त्यांना घाम फुटू दे."

त्या शुक्रवारी सगळे चर्चच्या तळघरात होते. ईस्टरआधीच्या दर शुक्रवारी तिथे तळलेल्या माशांचं जेवण असतं. लॉयड चार बापांना गोळा करून शिकवत होता : हो म्हणालात की संपलात. त्याच्या पाठीमागे, माशांच्या रांगेत उभ्या उभ्या, केंड्राने फोनवर हो म्हणून टाकलं. जागा पक्की करायचे दोनशे डॉलर तिने आइस्क्रीमच्या टपरीवर उन्हाळाभर कमावलेल्या पैशांतून भरले. मग कोबीची कोशिंबीर वाढून घेतली.

"तुलाच सांगतेय, आई," ती डोरीनच्या कानात म्हणाली.

"बापाला सांगू नकोस," डोरीन म्हणाली. "त्याचा एप्रिल मोकळा पडला तर तो माझ्याशी घासाघीस करत बसेल."

त्यानंतर दर मंगळवारी लॉयड कॉलेजच्या मदत-कचेरीला फोन करायचा. मंगळवारीच, कारण सोमवारी माणसं चिडलेली असतात. पलीकडे मिस बेअर्डन नावाच्या बाई असायच्या.

"दुसऱ्या कॉलेजाने तीन हजार जास्त दिलेत."

"छान झालं, मिस्टर हाकाला."

"म्हणजे मुलगी तिकडे गेली तरी तुम्हाला चालेल?"

"त्याबद्दल मला काहीच बोलता येत नाही. मुलगी अठरा वर्षांची आहे. तिच्या उत्तराबद्दल आम्ही फक्त तिच्याशीच बोलतो."

लॉयड फोन ठेवून टाळी वाजवायचा. "बोलता येत नाही म्हणे! डगमगली." मिस बेअर्डनच्या समोरच्या पडद्यावर केंड्राचं हो महिनाभर हिरव्या अक्षरांत चमकत होतं, आणि इकडे हा तिला नाहीची धमकी देत होता. केंड्रा मंगळवारी वरच्या खोलीत जाऊन बसायची. कॉलेज वैतागलं आणि म्हणालं, नको ही मुलगी, नको हा बाप, तर?

चौदा एप्रिलला लॉयडने हुकमाचं पान काढलं. गिऱ्हाईक उठून दाराकडे चालू लागलं की दुकानदार मागून हाक मारतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. हाक मारणारा दुकानदार तोच असायचा.

"आम्हाला नको तुमची जागा," त्याने फोनवर सांगितलं.

"नकार तिनेच लेखी द्यावा लागतो," मिस बेअर्डन म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज जरा घाईचा होता. "आणि मिस्टर हाकाला, नकार दिला की जागा त्याच दिवशी दुसऱ्याला जाते. ती परत मिळत नाही."

लॉयडने फोन कानाला तसाच ठेवून स्वयंपाकघरात हाक मारली. "केंड्रा! लिही, नको म्हणून. पाच मिनिटांत रडत येतील बघ."

केंड्रा भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. डोरीन टेबलाशी बटाटे सोलत होती, तिने मान वर केली नाही.

"मी हो म्हटलंय, डॅड."

"कधी? आज?"

"मार्चमध्ये. माशांच्या रांगेत."

लॉयडने फोन कानावरून खाली घेतला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, "किती उतरवलंस?"

"काहीच नाही."

"छापील भावात?" असा आवाज त्याने वडिलांच्या दफनातही काढला नव्हता.

"मला जागा हवी होती, डॅड. भाव नको होता. तू नको म्हणून लिहायला लावलं असतंस तरी मी लिहिलं नसतं. मी जाणार आहे."

फोन अजून चालू होता. लॉयडने तो तोंडाशी नेला. "तुम्हाला माहीत होतं?"

"त्याबद्दल मला बोलता येत नाही."

"पाच मंगळवार?"

"तुमचा फोन आला की बरं वाटायचं, मिस्टर हाकाला," मिस बेअर्डन म्हणाल्या. "बाकीचे आईबाप रडतात."

लॉयड खुर्चीत बसला. मग त्याने अगदी हळू विचारलं, "तिला राहायला खोली तरी बरी मिळालीय का?"

"ते तिलाच विचारा."

त्याने फोन ठेवला आणि तिच्याकडे बघितलं.

"खिडकीची," केंड्रा म्हणाली. "आधी हो म्हणणाऱ्यांना खिडकीची मिळते. उशिरा येणाऱ्यांना तळघर."

लॉयडने बराच वेळ हनुवटी खाजवली.

"खिडकीचे वेगळे घेतले का?"