बैलांच्या फोटोतला माणूस

घोडेगावच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ होता. नव्वदच्या दशकात सारे काम डार्करूममध्ये चाले. पुढे संगणक आणि स्कॅनर घेतला. जुने, पिवळे पडलेले फोटो उजळून देण्याचे काम त्यानंतर वाढले. त्यांतले बहुतेक मृतांचे असत.

माझी धाकटी बहीण डोंगराकडच्या गावी दिलेली. ते गाव धरणात गेले. पाणी चढण्याआधीच्या शेवटच्या पोळ्याला मी तिकडे होतो. कॅमेरा पाहताच दाजी दाराच्या आत सरकले. म्हणाले, "माजा काय फोटू काढता, पावणं? जोडीचा काढा." बैलांवरच्या उन्हाचा अंदाज घेऊन मी फोटो काढला. रंगवलेली शिंगे, झुली, सारे स्वच्छ आले. दाजी कासऱ्याचे टोक धरून सावलीत राहिले.

ते वारले तेव्हा ध्यानात आले, की त्यांचा दुसरा फोटो नाही. मतदार ओळखपत्रावर एक होता; तो कोणाचाही म्हणून खपला असता. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला तोंड दिसेल असा फोटो हवा, एवढेच बहिणीचे मागणे होते. मुलाला घेऊन ती दुकानात आली.

निगेटिव्हला बुरशी लागली होती, म्हणून प्रिंट स्कॅन केली. ब्राइटनेस वाढवताच बैलांच्या पाठी पांढऱ्या पडल्या, झुलींची नक्षी गेली, आणि दारातला काळोख फक्त करडा झाला. कॉन्ट्रास्ट वाढवला, तर होते तेही तोंड काळ्यात बुडाले. मग दाराचा भाग तेवढा निवडला, कापून मोठा केला आणि त्यातला टोन हळूहळू वर आणला. मुंडाशाची कड आली. गालाचे हाड आले. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे राहिले. कागदावर जे उतरलेलेच नसते, ते उजेड वाढवून येत नाही. तसे मी तिला सांगितले.

भाच्याने तोडगा काढला. सगळे त्याला बापावर गेला म्हणत. तेव्हा त्याचेच डोळे बसवावेत. आमच्या धंद्यात हे चालत असे. मीही करीत असे. त्याचा फोटो काढला, डोळे उचलले, आजूबाजूच्या करड्या रंगात मिसळले, कडा पुसट केल्या. काम चांगले झाले होते. बापाला एवढे तरुण आपण कधी पाहिले नाही, असे भाचा हसत म्हणाला.

बहीण हसली नाही. "हे डोळं पोराचं हायेत, दादा. ह्या तोंडाला मी घास भरवलाय."

मी डोळे काढून टाकले. खड्डे परत आले. तिने पडद्यावरच्या दारावर बोट ठेवले. मग म्हणाली, "ते व्हते तिथंच त्यांना ठिव. जोडी दिसू दे."

मी पूर्ण फोटो पुन्हा घेतला आणि दारातला उजेड थोडा थोडा उतरवू लागलो. दाजी मागे मागे गेले. पुरता अंधार होण्याच्या जरा अलीकडे तिने हात वर केला. तिथे थांबलो.

वर्षश्राद्धाला तो फोटो पुनर्वसनातल्या नव्या घरात लागला. बैलांचं सराद हाय व्हय, असे एका पाहुण्याने विचारले. फोटोला घातलेला हार नेमका त्यातल्या दारावर आला होता. बहिणीने तो बैलांच्या अंगावर सरकवला.