चुकीची रॅम
काल ऑफिसात नव्या मदरबोर्डचा खोका उघडला, आणि त्या वासाने मला पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या जुन्या घराच्या हॉलमध्ये नेऊन बसवलं. ताईला कोर्ससाठी कॉम्प्युटर हवा होता आणि मला सगळं कळतं म्हणून सुट्या भागांची यादी मीच लिहून दिली होती. जुन्या प्रकारच्या मदरबोर्डासाठी मी नव्या प्रकारची रॅम लिहिली. ती बोर्डावरच्या खाचेत बसेना, मी जोर लावला आणि खाचच तुटली. "दुकानदाराने चुकीचा माल दिला," मी म्हणालो. कधी कुणाशी न भांडणारे बाबा मला घेऊन तडक, जिथून भाग आणले होते त्या हाटकेश भागातल्या दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "हमको फसवता है क्या तुम?" दुकानदाराने माझ्या अक्षरातली यादी काढून वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "गलती मेरी है, काका. दोनों बदल देता हूँ।" परतताना बाबा म्हणाले, "बघ, आवाज चढवला की सरळ येतात." मी नुसती मान डोलावली. बाबा शेवटपर्यंत त्या माणसाला लबाडच म्हणत राहिले, आणि मी शेवटपर्यंत ऐकून घेत राहिलो.