कारणं जेवणानंतर: शारजातला एक शुक्रवार

दुबईला जायचं ठरलं ते आमच्या साहेबांच्या कंबरेमुळे. पुण्यात आमचं सहा माणसांचं ऑफिस होतं. परिषदांना बसायचं, टिपणं काढायची आणि इंग्रजीत अहवाल लिहून द्यायचा, हा धंदा. दोन हजार दोनच्या मार्चमध्ये छोट्या बेटदेशांची चार दिवसांची बैठक दुबईत होणार होती. एखाद्या बेटावर भरवली तर बाकीच्यांना तीन-तीन विमानं बदलावी लागतात, म्हणून दुबई. निघायच्या आठवड्यात साहेबांनी गॅसचा सिलिंडर उचलला आणि कंबर धरून बसले. "तुझा भाऊ तिथेच आहे ना, तूच जा," म्हणाले. मी एका पायावर तयार झाले. सुनीलदादा, नीतावहिनी आणि भाची ईशा यांना पाहून तीन वर्षं झाली होती.

व्हिसा हॉटेलनेच काढला. तुम्हीही जाणार असाल तर मार्चपर्यंत जा, पुढे उन्हाने जीव नकोसा होतो. आणि एक स्वेटर न्या. बाहेरच्यासाठी नव्हे, सभागृहातल्या एसीसाठी. मी नेला नव्हता आणि पहिला दिवस खांद्यावर हॉटेलचा टॉवेल घेऊन काढला.

हॉटेल खाडीच्या काठी होतं. सकाळी बैठकीआधी मी पन्नास फिल्स (अर्धा दिरहम) देऊन अब्रात, म्हणजे लाकडी होडीत, बसायचे आणि पलीकडे जाऊन परत यायचे. डिझेलचा वास, डोक्यावर सीगल आणि शेजारी डबे घेऊन कामाला निघालेली माणसं. अजूनही कुठे डिझेलचा वास आला की मला ती खाडी आठवते आणि उगाच बरं वाटतं.

बैठकीचं काम असं होतं: प्रत्येक बेटाने मागच्या काही वर्षांत आपण काय ठरवलं आणि त्यातलं काय साधलं ते सांगायचं. पिण्याचं पाणी, प्रवाळ, इंधन, आणि शेवटी लोकांना मिळणारं काम, त्याची प्रतिष्ठा, सुट्या, मजुरी. पहिले दोन दिवस मी पानंच्या पानं लिहिली आणि त्यात कारणंच जास्त होती. वादळ आलं, मदत उशिरा आली, तेल महागलं, मंत्री बदलले. कारणं खोटी नव्हती. पण नेमकं काय झालं आणि काय नाही, हे शोधताना माझ्या नाकी नऊ आले.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत नीतावहिनी मला दुबईतल्याच करामा भागात भेटली. ईशा शाळेतून यायच्या आत शारजाला घरी परतायचं म्हणून घाईत होती. उडप्याकडे थाळी आठ दिरहम. "म्हणजे शंभर रुपयांच्या वर गेले बघ," ती म्हणाली. इथे येऊन पाच वर्षं झाली तरी तिचं गुणायचं थांबलं नव्हतं. जेवून तिने मला मागच्या गल्लीतला एक दवाखाना बाहेरूनच दाखवला.

"इथे लॅब टेक्निशियन हवीय. इंटरव्ह्यू झाला, त्यांनी हो म्हटलंय. शनिवारपर्यंत कळवायचंय."

ईशा होईपर्यंत वहिनी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकलेली असायची आणि घरी येऊन मान चोळत खुशीत असायची. मी म्हटलं, "मग अडलंय कुठे?"

"मी यांच्या व्हिसावर आहे ना. यांचं एनओसी लागतं. एक कागद, एक सही."

"दादा काय म्हणाला?"

"इन्शाल्ला म्हणाले." तिने पर्स बंद केली. "आमच्या घरी त्याचा अर्थ काय होतो, तुला माहितीये."

माहीत होतं: 'बघू', म्हणजे नाहीच. दादा दुबईत रास अल खोरला एसीची डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता. शारजात भाडं कमी म्हणून तिथे घर, आणि त्यापायी पहाटे पावणेसहाला निघायचं, संध्याकाळी दोन-दोन तास गाडीत बसायचं. मोबाइलवर विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं: "अगं शुभे, ट्रॅफिकने आदमी खलास होतो. दोघंही बाहेर, तर ईशाला बसमधून कोण उतरवून घेणार?"

बुधवारी मादाम एलोडी बोलायला उभ्या राहिल्या. हिंदी महासागरातल्या एका लहानशा बेटावरच्या सरकारी अधिकारी, साठीच्या, फुलाफुलांच्या झग्यावर जाड स्वेटर. (त्यांनी आणला होता.) हातात फाइल नाही, शाळकरी वही. त्यांनी मागच्या वेळचं एकेक वचन वाचलं आणि प्रत्येकापुढे एवढंच म्हणाल्या: झालं. झालं. झालं नाही. शेवटचं वचन होतं हॉटेलात काम करणाऱ्या बायकांना आठवड्याची हक्काची सुट्टी. "झालं नाही," म्हणाल्या आणि बसल्या.

अध्यक्षांनी विचारलं, "कारणं?"

"कारणं जेवणानंतर."

सभागृह हसलं. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या बेटावर गावच्या सभेत अशीच रीत आहे, हे त्यांनी मला नंतर चहाच्या वेळी सांगितलं. आधी मागचं वचन वाचायचं. ज्याने दिलं त्याने उभं राहायचं, झालं की नाही तेवढंच सांगायचं. मग सगळ्यांनी मिळून जेवायचं आणि कारणं त्यानंतर. "पोट भरल्यावर माणूस आपली कारणं स्वतःच नीट ऐकतो," त्या म्हणाल्या. "पुष्कळजण मग सांगतच नाहीत."

गुरुवारी समारोपानंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. "माझी बहीण आमच्या बेटावरच्या हॉटेलात चादरी बदलते. अहवालात माझं वाक्य तसंच राहू दे. 'झालं नाही.' त्यात काही घालू नकोस."

चार दिवसांत माझ्याही तोंडात बसलं होतं. मी म्हटलं, "इन्शाल्ला."

"म्हणजे हो?"

"हो. नक्की."

त्यांनी माझा हात दाबला. त्यांचं विमान शनिवारी होतं, म्हणून मी त्यांना शुक्रवारी शारजाला जेवायला बोलावून टाकलं.

शुक्रवारी सकाळी निघालात तर दुबई ते शारजा वीस मिनिटं. इतर दिवशी हाच रस्ता संध्याकाळी धरू नका. वहिनीने मटकीची उसळ, पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड केलं होतं. लबानचा, म्हणजे तिकडच्या दह्याचा, चक्का किती छान पडतो, यावर तिने मला एक व्याख्यान दिलं. ईशा एलोडीबाईंच्या मांडीजवळ सरकून बसली होती.

"आणि तुम्ही काय काम करता?" बाईंनी वहिनीला विचारलं.

वहिनी पुऱ्यांकडे वळली. ईशाच म्हणाली, "शी हॅड अ मायक्रोस्कोप. इन पुणे."

विषय बदलायला मी बुधवारची गंमत सांगितली, वही, झालं, झालं नाही, सगळं. दादा खदखदून हसला. "सही है! आमच्या मॅनेजरला सांगायला पाहिजे."

वहिनी आत गेली. पासपोर्टांच्या फाइलमधून विमानडाकेचं एक निळं पाकीट घेऊन आली. शहाण्णव साली दादाने इथे एकट्याने काढलेल्या पहिल्या महिन्यांतलं पत्र. "अहो," ती म्हणाली, "उभे राहा."

तो हसतच उभा राहिला. हातात पाण्याचा ग्लास होता.

"एक. 'सहा महिन्यांत घर घेईन आणि तुम्हा दोघींना घेऊन येईन.'"

"झालं."

"दोन. 'ईशाला चांगल्या शाळेत घालू.'"

"झालं की."

"तीन. 'ती शाळेत जायला लागली की तू परत लॅबमध्ये जा. तू मान चोळत घरी येतेस ते मला आवडतं.'"

दादाने ग्लास खाली ठेवला. हसू राहिलं नव्हतं. "अगं, पण ट्रॅफिक, आणि ईशाची बस…"

एलोडीबाईंना मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला. "आफ्टर लंच," त्या म्हणाल्या.

"झालं नाही," दादा म्हणाला आणि बसला.

आम्ही जेवलो. श्रीखंड दोनदा वाढलं गेलं. बाईंनी पुरी फुगते कशी ते स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. हात धुऊन सगळे परत बसलो, तेव्हा वहिनीने दादाकडे पाहिलं आणि तो बराच वेळ टेबलावरचे चुरे गोळा करत राहिला.

"ईशाची बस किती वाजता येते?" त्याने शेवटी विचारलं.

"अडीच. आणि खालच्या मजल्यावरच्या डिसोझा आंटी तिला उतरवून घेणार आहेत. त्यांना मी दोन महिन्यांपूर्वीच विचारलंय."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही कारण सांगितलंत. विचारलं नाहीत."

दादाने मान हलवली आणि पुढे काहीच सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी त्याने अर्धा दिवस रजा टाकली. गल्लीतल्या टायपिंग सेंटरमध्ये आम्ही तिघं गेलो. केरळी टायपिस्टने मिनिटभरात अरबी पत्र काढलं. दादाने सही केली, पत्र वहिनीच्या हातात दिलं आणि म्हणाला, "यल्ला, चल. करामाला सोडतो." मागच्या सीटवर बसून मी खिडकीबाहेर पाहत राहिले. भरून आलं होतं आणि मला ते कोणाला दाखवायचं नव्हतं. त्याच संध्याकाळी माझं विमान होतं.

वहिनी त्या दवाखान्यात पुढे पुष्कळ वर्षं होती. आता दोघं पुण्यात आहेत, ते निळं पाकीट अजून फाइलमध्ये आहे आणि तिची मान दुखते ही तक्रार ती आजही खुशीत करते. तो प्रवास म्हटलं की मला बुर्ज, मॉल काही आठवत नाही. ते टेबल आठवतं.

आणि आणखी एक आठवतं. पुण्यात आल्यावर साहेबांनी माझा मसुदा वाचला. "'झालं नाही' असं कोणी छापतं का? 'या दिशेने प्रयत्न सुरू आहेत' असं लिही." मी दोनदा वाद घातला. तिसऱ्यांदा साहेबांचं वाक्य टाइप केलं. छापील प्रत बाईंना पाठवली, तेव्हा त्यांचं एक कार्ड आलं. निळा समुद्र, आणि मागे दोन ओळी: नीता लॅबमध्ये जाते ना? तिला आठवण सांग. त्या बदललेल्या वाक्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी त्यांना म्हटलं होतं, तुमचं वाक्य तसंच राहील. झालं नाही. साहेब होते, नोकरी होती, पोटापाण्याचा प्रश्न होता, अशी कारणं माझ्याकडे आहेत. जेवण होऊन वीस वर्षं झाली, अजून मी ती कोणाला सांगितलेली नाहीत.