लिंबावर घेतलेली चाचणी

ज्या रुग्णवाहिकेचे ब्रेक कागदोपत्री निर्दोष होते, ती सेमिनरी हिल्सच्या उतारावर थांबली का नाही? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या रुग्णालयाच्या चौकशी समितीपुढे हा प्रश्न होता. उत्तर मला ठाऊक होते. आजवर ते मी कोणालाही सांगितलेले नाही — पत्नीलाही नाही.

आधी मी शाळेत गणित शिकवीत असे. पुढे रुग्णालयाच्या वाहन विभागात नोंदलेखक झालो. तरी सारे मला मास्तरच म्हणत. अक्षर सुवाच्य, नोंद नेमकी, अशी माझी ख्याती होती. ख्यातीचे हे का सांगतो? कारण तिनेच घात केला.

दसऱ्याच्या आधी रुग्णवाहिका बनवणाऱ्या कंपनीचे पत्र आले. त्यात म्हटले होते — या बनावटीच्या गाड्यांच्या ब्रेकमधले एक रबर सदोष आहे. ते तापले की फुगते आणि तेलाचा दाब टिकत नाही. गाड्या त्वरित थांबवून आमच्या कारखान्यात पाठवा. सोप्या शब्दांत सांगायचे तर ब्रेक थंड असताना गाडी थांबते, उतारावर चार-पाच वेळा दाबला की पाय थेट तळाला जातो. पत्रात हे स्पष्ट होते. मी ते दोनदा वाचले.

वाहन विभागाचे साहेब म्हणाले, दसऱ्याच्या पूजेला आपल्या दोन्ही रुग्णवाहिका रांगेत हव्यात, पाहुणे येणार आहेत. चाचणी घेऊन शेरा मारा, पाठवायचे नंतर बघू. सगळा दोष साहेबांवर टाकून मोकळे होता आले असते. पण लेखणी कोणाच्या हातात होती?

पूजा झाली. रिवाजाप्रमाणे चाकाखाली लिंबू ठेवले. आमचा चालक नामदेव याने गाडी दोन हात पुढे घेतली, लिंबू चिरडले, ब्रेक दाबला. गाडी थांबली. मी तिथेच, झेंडूच्या हारांशेजारी उभा राहून, वहीत लिहिले — ‘ब्रेकची चाचणी घेतली. वाहन थांबले.’

नामदेवने काय लिहिले ते विचारले. मी वाचून दाखवले. तो हसला.

“मास्तर, लिंबू तं बैलबंडीही चिरडते. ब्रेक टेकडीवर पाहा जी. पेडल खाली जाऊन राहिलं दोन दिवसांपासून.”

मी वही मिटली. पत्राविषयी त्याला एक अक्षर सांगितले नाही.

पंधरवड्याच्या आत तो टेकडीवरून एका हृदयविकाराच्या रुग्णाला आणत होता. पेडल तळाला गेले. पुढे रस्त्यावर शाळेतून सुटलेल्या मुली होत्या. त्याने गाडी दगडी कुंपणावर घातली — आपल्या बाजूने. रुग्ण वाचला, मुली वाचल्या. नामदेवचा गुडघा गेला.

आणि समितीने त्याला काय विचारावे? दारू पितोस काय! ज्या माणसाने आपला पाय देऊन रस्ता मोकळा केला, त्याला हा प्रश्न! मला विचारले असते — मास्तर, चाचणी कुठे घेतली, किती भार होता, किती अंतर? शाळेतला पोरगाही एवढे विचारतो. कोणी विचारले नाही. एका सदस्याने माझी नोंद मोठ्याने वाचली आणि वर अक्षराचे कौतुक केले. मी मान लववून ते स्वीकारले. त्या मान लववण्याची चीड मला आजही येते — समितीविषयीच्या चिडीहून अधिक.

नामदेव कुबड्या घेऊन माझ्या टेबलाशी आला.

“मास्तर, तुमी लिवलं ते खोटं नाही. मंग मी काहून खोटा ठरून राहिलो?”

एवढ्यावर थांबलो असतो तर हा नुसता भ्याडपणा ठरला असता. मी थांबलो नाही. त्याला म्हणालो, नोकरी टिकवायची तर समितीकडे अर्ज करा. त्याला लिहिण्याचा सराव नव्हता. अर्ज मीच लिहिला. त्यात लिहिले — ‘वाहन चालवताना माझ्या हातून चूक झाली, कृपया क्षमा असावी.’ कंपनीचे पत्र तेव्हा माझ्याच खणात होते. अर्ज वाचून दाखवताना ते वाक्य मी गाळले. त्याने विश्वासाने सही केली. त्या सहीवरच त्याला नोकरीवरून काढले. गुन्हा कबूल आहे, मग पुढची चौकशी कशाला?

दसऱ्याला तो पुढेही अनेक वर्षे सोने द्यायला माझ्या घरी येत राहिला. मी आपट्याचे पान घेत राहिलो. तो गेला, तेव्हाही त्याला ठाऊक नव्हते.

माझ्या सांगण्यावर विसंबू नका. एकदा विसंबून काय झाले ते वर लिहिलेच आहे. मोकळ्या, सपाट मैदानात एखादी गाडी घ्या. चाकाखाली लिंबू ठेवा. पहिल्या गिअरमध्ये दोन हात पुढे जा आणि ब्रेकला पाय न लावता इंजिन बंद करा.

ब्रेकशिवायही गाडी थांबते. स्वतः करून पाहा.