पारनेरच्या मळ्यात कुसळांची मोजणी

सोमवार, ७ फेब्रुवारी १९४४, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. नगरहून आमची सर्व्हिस मोटार सुटली. युद्धामुळे पेट्रोल दुर्मीळ, म्हणून ती कोळशाच्या गॅसवर चालत होती. सुप्यापुढच्या चढावर तिचा दम संपला.

"उतरा मंडळी! बाई, तुमी बसा," ड्रायव्हर म्हणाला.

मी उतरून ढकलू लागले.

"आता लाजंनं तरी चढंल ही!" तो हसला. आणि ती चढली.

पारनेरलगत मार्थाबाईंच्या विहिरीवरच्या मळ्यात माझा गव्हाचा तुकडा होता. तांबेरा रोगाला दाद न देणाऱ्या एका बिनकुसळी गव्हाचा मी इथल्या कुसळी गव्हाशी संकर केला होता. पहिली पिढी सारीच बिनकुसळी निघाली. शेतकऱ्यांना मात्र कुसळे हवीतच, कारण ती टोचतात म्हणून पोपट कणसांना फारसे शिवत नाहीत. दुसऱ्या पिढीत सुमारे चौथा हिस्सा झाडांना कुसळे परत आली, तर हा गुण आनुवंशिक घटकांच्या एकाच जोडीवर अवलंबून आहे असे ठरणार होते. शिवाय अशी परतलेली कुसळे पुढच्या पिढ्यांत टिकतात. हिस्सा जुळला नाही तर तुकडा बंद, असे वरिष्ठांनी बजावले होते.

मार्थाबाईंनी बांधावर आगटी (गोवऱ्यांच्या जाळाचा खड्डा) पेटवलेलीच होती. त्यांनी ओंब्या (गव्हाची हिरवी कणसे) भाजल्या, तळहातावर चोळल्या, फुंकर घातली आणि लसणाच्या चटणीसह माझ्यापुढे ठेवल्या. इतका गोड गहू मी कधी खाल्ला नव्हता.

"कोणत्या वाफ्यातला हा?"

"तुमच्याच तुकड्यातला की! पाव्हनीला तिचाच गहू नगं का?"

मी तुकड्याकडे धावले. ठिकठिकाणी नुसते दांडे उभे होते.

"कुसळाच्या किती तोडल्या?"

"एक न्हाई. कुसळं घशात रुततात, बाई. तुमाला खोकत धाडू व्हय नगरला?"

पण शब्दावर विसंबून प्रयोग होत नाही. मी गुडघ्यांवर बसले. तोडलेल्या जवळजवळ प्रत्येक झाडावर मागाहून आलेला एखादा फुटवा शिल्लक होता, आणि त्याचे कणीस बिनकुसळीच होते. चार झाडांवर काहीच उरले नव्हते. तेवढ्यांपुरता मी मार्थाबाईंच्या पारखीवर विश्वास ठेवला. दुपारभर आम्ही ओळीओळीने फिरलो. मी मोजत होते आणि त्या दर कुसळी झाडाला "ही तुमची!" म्हणून टाळी वाजवत होत्या.

परतीच्या उतारावर मोटार वाऱ्यासारखी धावली. आमच्या शास्त्राच्या तक्त्यात पाहुणचाराला रकाना नसतो. नगरला पोहोचताच मी तो आखला आणि त्यात लिहिले: 'कणसे संशोधिकेने खाल्ली, चव उत्तम.' मग तुकडा पुढच्या वर्षीही राहणार, या आनंदात उरलेले आकडे भरले. एकूण झाडे चारशे बारा. कुसळी, अपेक्षित एकशे तीन. प्रत्यक्षात सत्त्याण्णव.