साबुदाण्याचा रोजा

आमच्या सोसायटीत मुसलमानांचं घर एकच, आमचं. त्यामुळे जगाच्या पाठीवर कुठल्याही मुसलमानाने काहीही केलं की खुलासा मी द्यायचा, असा एक अलिखित ठराव आहे. इराणात काही घडलं की मी पार्किंगमध्ये स्कूटर लावत असतानाच चेअरमन गॅलरीतून विचारतात, "काय हो, हे काय चाललंय तुमच्यात?" दुबईत पाणी तुंबलं तेव्हाही विचारलं होतं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाईड सर्टिफिकेटं देतो. आमच्या नाशिकच्या द्वारका चौकात रोज गाड्या का तुंबतात हेच मला आजवर कळलेलं नाही, दुबईच्या पाण्याचं मी काय सांगणार?

चेअरमन माणूस वाईट नाही. बँकेतून निवृत्त झालेले, पेपर पहिल्या पानापासून निविदा सूचनांपर्यंत वाचणारे. गेल्या रमजानात त्यांनी ज्येष्ठ नागरिक मंडळात परस्पर माझं भाषण ठरवून टाकलं. विषय 'आधुनिक मुस्लिम समाजापुढील आव्हाने', नंतर चहा. वर म्हणाले, "येताना ती तुमची जाळीची टोपी घालून या, फोटो चांगला येतो." माझ्याकडे टोपी एकच आहे, क्रिकेटची. मी म्हटलं, बघतो.

खरं सांगायचं तर त्या महिन्यात माझ्यापुढे आव्हान एकच होतं. ते उंचीने पाच फुटांच्या आत होतं आणि माझ्याच घरात राहत होतं.

अम्मी. महापालिकेच्या मराठी शाळेत तिने आयुष्यभर भूगोल शिकवला. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, रक्तात साखर आणि स्वभावात ती औषधालाही नाही. घरात आम्ही हिंदी, उर्दू, मराठीची भेळ बोलतो, पण अम्मी रागावली की शुद्ध मराठीत जाते. डॉक्टरांनी बजावलं होतं की यंदा रोजे नकोत. त्यावर ती म्हणाली, "डॉक्टरांनी डॉक्टरकी करावी." मग मी मौलानांना घरी आणलं. आजाऱ्याला रोजा माफ आहे, हे त्यांनी किताबाचा हवाला देऊन नीट समजावलं. अम्मीने सगळं ऐकून घेतलं, त्यांना खजूर दिले आणि ते जिना उतरल्यावर म्हणाली, "याच्या बापाला मी चौथीत शिकवलंय. त्यालाही नद्या पाठ नव्हत्या."

झालं, तिने रोजे धरले. मार्चचं ऊन तापत गेलं आणि महिन्याच्या शेवटी शेवटी एका दुपारी मी घरी आलो तर ती फ्रीजला मिठी मारून उभी. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. मी ओरडलो तर म्हणते, "फ्रीज हलतोय का बघत होते." डॉक्टर म्हणाले, आता एकही रोजा नको, एखाद्या दिवशी उठायची नाही. मी हातापाया पडलो, चिडलो, अबोला धरला. शेवटी एवढंच कबूल झालं की चांद दिसला की बास. नंतरचे नफिल, म्हणजे ऐच्छिक, रोजे धरणार नाही. पण एकोणतिसाव्या संध्याकाळी चांद दिसला नाही तर तिसावा होणार म्हणजे होणार. मी घाबरलो होतो. नुसतं घाबरलो म्हणणंही कमीच आहे.

आता आमच्यात चांद दिसण्याचा जो तमाशा दरवर्षी होतो तो बाहेरच्यांना न कळलेलाच बरा. मालेगावची मावशी फोन करते, दिखा. भिवंडीचा आतेभाऊ सांगतो, नहीं दिखा. रियाधचा चुलतभाऊ तर आदल्या दिवशीच शीरखुर्मा खाऊन वाटीचा फोटो पाठवतो. माणसं चंद्रावर जाऊन माती घेऊन आली, आम्ही अजून तो दिसला की नाही यावर भांडतोय. भाषणात हा मुद्दा घ्यायचा मी ठरवलं होतं. पण गंमत अशी की मी स्वतः ईदचा चांद जन्मात कधी आकाशात बघितलेला नाही, फोनमध्येच बघितलाय. आणि अम्मीला फोनवरचा चांद मंजूर नव्हता. "मी बघेन, नाहीतर माझ्या विश्वासातल्या माणसाने समोर बघून सांगावं," हा तिचा नियम.

विश्वासातलं माणूस म्हणजे मी नव्हे, हे ओघाने आलंच.

खालच्या मजल्यावर काकू राहतात. मूळच्या येवल्याच्या, माहेरी पैठणीचे माग. अम्मी त्यांना वहिनी म्हणते, त्या अम्मीला बाई म्हणतात. रोज सकाळी अकराला दोघींचा चहा असतो. रमजानात अम्मी नुसती समोर बसते आणि काकू चहा पिता पिता सॉरी म्हणत राहतात. कोणी याचा एकात्मतेचा फोटो काढायला आलं तर त्याने गच्चीवर पापड वाळत घालायच्या दिवसांत यावं, म्हणजे दोघींची खरी तोंडं ऐकायला मिळतील.

काकूंचे उपास पुष्कळ. संकष्टी, एकादशी, गुरुवार. "एकादशी आणि दुप्पट खाशी," असं अम्मी त्यांना तोंडावर म्हणते, कारण त्यांच्या उपासाला खिचडी, रताळी, बटाट्याचा कीस, केळी असं सगळं साग्रसंगीत असतं. पण संकष्टीच्या चंद्राबाबत काकू कडक. ढग असले तर पंचांगातली वेळ बघून लोक उपास सोडतात. काकू नाही. "दिसल्याबिगर घास नाय," म्हणतात. एकदा श्रावणात चंद्र दिसलाच नाही तर तशाच झोपल्या. चंद्राच्या बाबतीत त्यांनी कधी स्वतःला सूट दिलेली नाही.

फ्रीजचा प्रकार मी काकूंना जिन्यात सांगितला. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "बाई लय हट्टी हाय. बघू."

एकोणतिसाव्या संध्याकाळी अम्मीला खुर्ची घेऊन गच्चीवर नेलं. तिने अजान ऐकून खजूर तोंडात टाकला, दोन घोट पाणी प्यायली. तोवर आख्खी बिल्डिंग वर आली होती, कारण चेअरमननी ग्रुपवर टाकलं होतं, 'आज चंद्रदर्शन, सर्वांनी यावे.' कोणी वेफर्स आणले. चेअरमन नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला घेतलेली दुर्बीण गळ्यात अडकवून आले. काकू अनुभवी, म्हणून पुढे. त्या नेहमीच्या जागी, पाण्याच्या टाकीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे सगळे. सगळ्यांमागे मी, इस्लामचा अधिकृत प्रवक्ता.

अम्मी मात्र आमच्याकडे पाठ करून बसली होती. मला वाटलं, रुसली आहे.

"दिसला!" चेअरमन ओरडले. तो मोबाइल टॉवरचा दिवा होता. थोड्या वेळाने पुन्हा ओरडले. ते विमान होतं. एका काकांनी विचारलं की तुमच्यात विमान चालतं का. अंधार व्हायला लागला आणि वेफर्स संपले. खुर्चीवर बसलेली अम्मी त्या अर्धवट उजेडात एवढीशी दिसत होती.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "दिसला."

"कुठे? कुठे?" सगळे.

"आत्ता हुता. ढगाच्या मागं गेला."

आकाशात ढगाचं नाव नव्हतं. पण अम्मीने मान न वळवता विचारलं, "वहिनी, नक्की?"

काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माझ्या संकष्टीची आण, बाई."

 अम्मी खुर्चीचे हात धरून उठली आणि म्हणाली, "मग झालं. उद्या माझा रोजा नाही."

चेअरमन माझ्या कानाशी आले. "पण काकूंची साक्ष तुमच्यात चालते का?"

"चालते," मी म्हणालो. आयुष्यातला माझा पहिला आणि शेवटचा फतवा. मला इतका आनंद झाला होता की त्या क्षणी मी विमानालाही चालतं म्हणालो असतो.

तासाभरात मशिदीतून जाहीर झालं की चांद दिसला नाही, उद्या तिसावा रोजा. मावशीचा मालेगावहून फोन आला, "नहीं दिखा." भिवंडीलाही नाही. सगळ्यांचं एकमत झालेली ती पहिलीच ईद असावी, आणि नेमकी माझ्या गैरसोयीची. मी अम्मीकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे साक्षीदार आहे. ईद परवा सगळ्यांबरोबर करेन. उद्या मला सुट्टी." आणि सकाळी तिने बिनसाखरेच्या चहात बटर बुडवून खाल्लं. मी दारात उभा राहून ते बघत होतो. एखाद्याने बटर खाल्ल्याचं इतकं समाधान मला कधी वाटलेलं नाही.

अकरा वाजले, काकू चहाला आल्या नाहीत. दुपारी भाजीवाल्याशी त्यांचं भांडण ऐकू आलं, तेही कोथिंबिरीवरून, जी तो फुकट देत होता. संध्याकाळी चेअरमन म्हणाले, "काकूंना काय झालंय? मी नुसतं नमस्कार म्हटलं तर म्हणाल्या, कशाला?" मी खाली गेलो.

काकू घड्याळासमोर पाट मांडून बसल्या होत्या. ओठ सुकलेले, डोक्याला रुमाल बांधलेला.

"काकू, बरं नाही का?"

"रोजा हाय," त्या म्हणाल्या.

"कोणाचा?"

"बाईचा." मग एकदम डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "खोटं बोलले मी काल. चंद्राचं खोटं. मला कायबी दिसलं नव्हतं. तिचा रोजा माझ्यामुळं बुडाला, तो देवाच्या दारी माझ्या नावावर लागंल. म्हणून धरला. आपल्यातलं एक वारलं तर दुसऱ्यानं क्रिया करावी, तसं."

"काकू, अम्मी जिवंत आहे!"

"म्हणून तर धरला ना," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा घड्याळाकडे बघायला लागल्या.

मी विचारलं, पाणी तरी? नाही. पहाटे उठून काय खाल्लं? साबुदाण्याची खिचडी. "उपासाला धान्य कसं चालंल?" म्हणजे काकूंनी दोन्ही धर्मांतलं जे जे अवघड ते ते उचललं होतं. "हे उपास नाय बाबा," काकू म्हणाल्या, "ही शिक्षा हाय. थुंकी गिळली तर चालती का रं?" मी म्हटलं चालते. "मग सकाळी का नाय सांगितलं?" बरं, सूर्य मावळल्यावरही त्या सोडणार नव्हत्या. चंद्र दिसल्याशिवाय घास नाही, हा त्यांचा नियम इथेही लागू होता.

मी धावत वर गेलो आणि अम्मीला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती चिडेल. खोट्या साक्षीवर रोजा गेला म्हणजे तिच्या लेखी लहान गोष्ट नव्हे. तिने डब्यातून खजूर घेतले, तांब्या भरला आणि माझा हात धरून खाली उतरली. काकूंना उठवलं. दोघींना दोन्ही हातांना धरून मी गच्चीवर नेलं, मध्ये तीनदा थांबून, कारण एकीला दिसत नव्हतं आणि दुसरीच्या अंगात त्राण नव्हतं.

काकू सवयीने टाकीकडे वळल्या. अम्मीने त्यांचे खांदे धरले आणि त्यांना सबंध उलटं फिरवलं.

"वहिनी, ईदचा चांद पश्चिमेला असतो. सूर्य मावळतो तिथे. काल तुम्ही सगळे पूर्वेला तोंड करून उभे होता."

संकष्टीचा चंद्र उगवताना बघायचा असतो, ईदचा मावळताना. आख्खी बिल्डिंग आणि तिच्यातला एकुलता एक मुसलमान, सगळे चुकीच्या बाजूला बघत होते. मला काल पाठ करून बसलेली अम्मी आठवली आणि कान गरम झाले.

काकूंचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे तुमाला कालच कळलं हुतं?"

"आयुष्यभर भूगोल शिकवला मी."

"मग माझं ऐकलं कशाला?"

अम्मीने हातातला तांब्या कठड्यावर ठेवला. "थकले होते हो," ती म्हणाली. "फार थकले होते. डॉक्टरांचं, मौलानांचं, याचं ऐकलं असतं तर हरले असते. तुमच्यापुढे हरायला काय हरकत होती?"

मी टाकीकडे तोंड केलं, कारण मला रडू येत होतं. महिनाभर मी तिला कायदा समजावत होतो. तिला कुणीतरी फक्त वाट काढून द्यायला हवी होती.

अजान झाली. अम्मीने खजूर पुढे केला. काकूंनी तो घेतला, पण तोंडात टाकेनात. पश्चिमेला बघत राहिल्या, डोळे बारीक करून, तोंड कोरडं पडलेलं असताना.

"दिसतोय का?" अम्मीने विचारलं.

बराच वेळ गेला. मग टॉवरच्या अलीकडे, घरांच्या रांगेवर एक बारीक रेघ मलाही दिसली. मी मुद्दाम बोललो नाही.

"दिसला," काकू म्हणाल्या. "आज खराच दिसला, बाई. संकष्टीची..."

"आण नको," अम्मी म्हणाली. तिने त्या दिशेला हात उचलून दुआ मागितली, डोळे उघडे ठेवून, काही दिसत नसताना. मग काकूंना म्हणाली, "आता खा. आणि पाणी सावकाश प्या, नाहीतर ठसका लागेल."

काकूंना ठसका लागलाच.